शर्यतीनंतरचा सोमवार

रस्त्यावरची शर्यत रविवारी सकाळी संपते. तिचा हिशेब मात्र सोमवारी सुरू होतो. रविवारी अंगात उष्णता असते, गळ्यात पदक असते, भोवती टाळ्या असतात आणि पाय दुखण्याची अजून सुरुवात झालेली नसते. सोमवारी यंत्रासमोर उभे राहिल्यावर पोटऱ्या आपले अस्तित्व कळवू लागतात आणि शेजारचा सोबती सहज विचारतो, "काय, किती मिनिटं लागली?" या साध्या प्रश्नाला हौशी धावणारा जे उत्तर देतो, त्यात त्याच्या पायांपेक्षा त्याच्या स्वभावाची ओळख अधिक पटते. कोणी आकडा सांगतो, कोणी आकड्याआधी कारण सांगतो, आणि कोणी आकडा गिळून केवळ कारणच सांगतो.

हा प्रश्न बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात कसा विचारला जातो आणि त्याला कोणती उत्तरे मिळतात, हे पाहण्यासारखे आहे. शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याला लागून वसलेली ही उद्योगनगरी. एकोणिसशे सत्तरच्या दशकात ती आकाराला येऊ लागली. ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. त्याची जुळणी येथल्याच साध्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली होती. आजही उपग्रहांशी संपर्क राखणारे इस्रोचे केंद्र येथे आहे. परंतु पीण्याची खरी वस्ती लहान कारखान्यांची. लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंगची यंत्रे, साचे घडविणाऱ्या टूलरूम, धातूंना मुलामा देणारी दुकाने, तयार कपड्यांचे कारखाने आणि या सर्वांना जोडणारे खड्ड्याखड्ड्यांचे रस्ते. ज्या महामार्गावर पीण्या वसले आहे तो पूर्वी चार क्रमांकाचा होता, आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा आहे. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे अशी गावे ओलांडीत तो बंगळुरास पोहोचतो, आणि शहरात शिरण्यापूर्वी त्याला पीण्याचेच दर्शन घडते. त्यामुळे त्या वाटेने पोटामागे आलेला मराठी टर्नर किंवा फिटर येथे भेटला, तर त्यात नवल नाही.

येथे धावायचे म्हणजे पहाटेच धावायचे. सहा वाजले की मालमोटारींची रांग सुरू होते, सकाळच्या पाळीची माणसे मेट्रोच्या पीण्या आणि पीण्या इंडस्ट्री या स्थानकांतून बाहेर पडू लागतात, आणि धुरळा व धूर यांमुळे श्वास घेणे हेच एक काम होऊन बसते. जोराने धावणारा मनुष्य बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा छातीत ओढतो, आणि तीही बहुधा तोंडाने. नाकातली गाळणी चुकवून आत गेलेली ती हवा औद्योगिक वसाहतीतली असेल, तर व्यायामाचा लाभ आणि हवेचे नुकसान यांची वजाबाकी त्यालाच करावी लागते. म्हणून जाणते धावणारे पाच वाजता निघतात आणि मोठा रस्ता टाळून आतल्या गल्ल्या धरतात. रात्रपाळी संपवून आलेला एखादा कामगार घरी जाऊन झोपण्याऐवजी बूट बदलून धावू लागतो, ही गोष्ट मात्र जाणतेपणाची म्हणता येणार नाही.

अशा मंडळींतल्या तिघांची येथे कल्पना करू. पहिला निपाणीकडचा टर्नर, वय बेचाळीस. दुसरी एका कपड्यांच्या कारखान्यात तपासणीचे काम करणारी खानापूरकडची बाई, वय चौतीस. तिसरा टर्नरच्याच कारखान्यातला फोरमन, वय बावन्न; सारे त्याला मामा म्हणतात. अशी माणसे भोसरीलाही सापडतील, सातपूरलाही सापडतील आणि कोल्हापूरच्या शिरोलीतही सापडतील; त्यामुळे नावांवाचून काही अडत नाही. तिघांनीही बंगळूरची दहा किलोमीटरची मोठी शर्यत धावून झालेली आहे. ही शर्यत २००८ साली सुरू झाली. पुष्कळ वर्षे ती मे महिन्यात होत असे. २०२४ पासून ती एप्रिलच्या अखेरीस घेण्यात येऊ लागली. तिच्यासोबत एक छोटी धावही असते, तिला ‘मज्जा रन’ असे नाव आहे. या नावाचा अर्थ मराठी माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

रस्त्यावरच्या शर्यतीचे एक वैशिष्ट्य असे की, तेथे जगज्जेता आणि पीण्याचा टर्नर एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी धावतात. क्रिकेटच्या शौकिनाला कसोटीच्या खेळपट्टीवर पाय ठेवता येत नाही. पण २०२५ साली बंगळुरास ही शर्यत जिंकणारा युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई हा पॅरिस ऑलिंपिकमधला दहा हजार मीटरचा सुवर्णपदकविजेता होता, आणि ज्या डांबरावरून तो धावला त्याच डांबरावरून हजारो कारकून, शिक्षक, कामगार आणि गृहिणी धावल्या. त्याला २७ मिनिटे ५३ सेकंद लागली, म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटे सत्तेचाळीस सेकंदांच्या आसपास. हौशी माणसाने घराजवळच्या गल्लीत केवळ शंभर मीटर या वेगाने धावून पाहावे. पुढचे नव्याण्णव शंभर त्याला आपोआप समजतील.

आता टर्नरचा हिशेब. गेल्या शर्यतीत त्याला ६२ मिनिटे ४० सेकंद लागली होती. या खेपेस एक तासाच्या आत यायचे, असा त्याचा निश्चय होता. सहा महिने त्याने आठवड्यातून चार दिवस पहाट सांभाळली. शर्यतीच्या दिवशी मनगटावरच्या घड्याळाने दहा किलोमीटर पुरे झाल्याची खूण केली, तेव्हा त्यात ५९ मिनिटे ५९ सेकंद झाली होती. त्याने मनातल्या मनात हात उंचावला. पण समारोपाची कमान अजून समोर, जवळजवळ दोनशे पावलांवर होती. कमानीखालून जाताना घड्याळ थांबविले तेव्हा त्यात १०.१८ किलोमीटर आणि ६१ मिनिटे ४ सेकंद असे आकडे होते. संध्याकाळी शर्यतीच्या यादीत आलेली वेळही तीच, ६१ मिनिटे ४ सेकंद. सोमवारी त्याने फोरमनला सांगितले, "मामा, तासाच्या आत आलो मी. रस्ताच लांब मोजलाय त्यांनी."

हे उत्तर जगातल्या सर्व शहरांत, सर्व भाषांत, सर्व शर्यतींनंतर ऐकू येते. म्हणून त्याची तपासणी करणे योग्य होईल. मान्यताप्राप्त शर्यतीचा रस्ता कसा मोजतात? सायकलने. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाला एक छोटा गणकयंत्राचा चक्री दात्यांचा जोड बसविलेला असतो. १९७१ साली अमेरिकेत जोन्स नावाच्या पितापुत्रांनी तो तयार केला, म्हणून त्यालाच जोन्स गणक म्हणतात. पोलादी फितीने काटेकोर मोजलेल्या सरळ अंतरावर ती सायकल अनेकदा चालवून, एका किलोमीटरला गणकाचे किती आकडे पडतात ते आधी ठरवितात. आणि रस्ता मोजून झाल्यावर पुन्हा तेथेच येऊन तपासतात, कारण उन्हाने टायरमधली हवा फुगली तरी माप बदलते. वळणावर मोजणारा कडेपासून अवघे तीस सेंटिमीटर अंतर राखून, म्हणजे धावणाऱ्याला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने सायकल नेतो. एवढे करून वर हजारांत एक या प्रमाणात अंतर वाढवितात, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर. रस्ता चुकूनही कमी भरू नये, यासाठी ही काळजी.

ही काळजी कशी आली, तिला इतिहास आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये अल्बर्तो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत धाव पुरी केली आणि जागतिक विक्रम म्हणून तिचा गाजावाजा झाला. पुढे रस्ता पुन्हा मोजला, तो सुमारे दीडशे मीटर कमी भरला. धावणाऱ्याचा काडीइतका दोष नसताना त्याचा विक्रम पुसला गेला. सालाझारला जे सोसावे लागले ते पाहता दहा मीटर जास्त धावायला लागल्याची तक्रार कोणी करू नये.

मग टर्नरच्या घड्याळातले एकशे ऐंशी मीटर आले कोठून? दहा मीटर नियमाचे. बाकीचे काही त्याच्या पायांचे आणि काही घड्याळाचे. गर्दीतून वाट काढताना तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे गेला. पाण्याच्या टेबलाकडे वळला, पुन्हा मध्ये आला. वळणे आतून घेण्याऐवजी बाहेरून घेतली. हे अंतर त्याने खरोखरच कापले, पण ते शर्यतीचे अंतर नव्हते. शिवाय घड्याळ उपग्रहांकडून आलेल्या संकेतांवरून आपली जागा ठरविते. उंच इमारती आणि दाट झाडे यांच्यामध्ये ते संकेत भिंतींवर आपटून येतात, आणि सरळ धावणारा मनुष्य घड्याळाच्या नकाशावर नागमोडी धावू लागतो. अशा शे-दोनशे नागमोडी मिळून सहज शंभर मीटर होतात.

या बाबतीत टर्नरने अज्ञान सांगावे, हे मात्र पटण्यासारखे नाही. दिवसभर तो करतो काय? मायक्रोमीटरने शाफ्टचा व्यास मोजतो. त्याचा माल तपासायला ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी गेजची जोडी असते. गो गेज बसला पाहिजे, नो-गो बसता कामा नये. माल नापास झाला तर आपल्या खिशातल्या पट्टीने तो बरोबर भरतो, असे तो तपासनिसाला सांगेल काय? सांगितले तर तपासनीस काय म्हणेल, हे त्याला पुरते ठाऊक आहे. कारखान्यात माप ज्याचे त्याचे नसते. जे माप सर्वांना सारखे लागू आहे तेच माप. तासाच्या आत येणे हाही एक गेजच होता, आणि चौसष्ट सेकंदांनी तो बसला नाही.

फोरमनने त्याला अगदी हेच सांगितले आणि टर्नर दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

पण त्याच्या रागाची बाजूही समजून घेतली पाहिजे. या माणसाच्या आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक तास दुसऱ्याने मोजलेला असतो. फाटकावर हजेरीचे यंत्र, यंत्रावर दर नगाला ठरवून दिलेली मिनिटे, जेवणाची अर्धी घटका, जादा कामाचे तास. सहा महिने पहाटे उठून त्याने जो एक तास घडविला, तो त्याने स्वतः मोजलेला पहिलाच तास होता. त्यावरही पुन्हा दुसऱ्याचाच शिक्का लागावा, हे त्याला सहन झाले नाही. शर्यतीत धावणाऱ्याच्या अट्टाहासाकडे पाहून हसणारे पुष्कळ आहेत. दरमहा पगारातून शर्यतीच्या शुल्कासाठी आणि बुटांसाठी पैसे बाजूला काढणारा कामगार त्यांना वेडा वाटतो. त्या तासाची किंमत त्याला काय पडली आहे, हे ते विचारात घेत नाहीत.

गंमत अशी की, या चौसष्ट सेकंदांच्या दुःखात टर्नरला आपली एक मिनिट छत्तीस सेकंदांची सुधारणा दिसेनाशी झाली. गेल्या वेळेपेक्षा तो निश्चित चांगला धावला होता. त्याने दिलेल्या बाकीच्या कारणांचे पुढे काय झाले, तेही पाहू. उकाडा होता, हे खरे. एप्रिल हा बंगळूरचा सर्वांत तापलेला महिना. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा फार मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि ती घालविण्याचा मुख्य उपाय म्हणजे घाम वाळणे. हवा दमट असली की तो वाळत नाही, नुसता गळतो. मग रक्ताला स्नायूंकडेही जावे लागते आणि कातडीकडेही, आणि हृदय तेवढ्याच वेगासाठी अधिक जोराने चालते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या हवेत प्राणवायूही थोडा कमी मिळतो. ही कारणे खरी आहेत. पण मार्च महिन्यात एका पावसाळी, गार संध्याकाळी सरावात त्याची वेळ चांगली आली होती, तेव्हा त्याने पावसाला श्रेय दिले होते काय? जे कारण फक्त अपयशाच्या दिवशी आठवते, त्याला मराठीत सबब म्हणतात.

खरे कारण यादीतच होते, फक्त त्याने पाहिले नव्हते. पहिले दोन किलोमीटर तो पाच मिनिटे तीस सेकंदांच्या गतीने धावला होता. बंदुकीचा आवाज, ढोल, भोवतालचे हजारो पाय यांच्या भरात हे होते. नवशिक्याचे होते, तसे चार वर्षांच्या अनुभवी माणसाचेही होते. सुरुवातीस उधळलेले मिनिट अखेरीस व्याजासह परत द्यावे लागते. बुधवारी त्याने स्वतःच कागदावर आकडेमोड केली, आणि त्यानंतर फोरमनशी बोलणे पुन्हा सुरू झाले.

येथे त्याच महामार्गावरच्या एका जुन्या धावपटूची आठवण होणे स्वाभाविक आहे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांत खेड्यापाड्यांतले तरुण अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंशी तुलना करण्याजोग्या आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ गेला. चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर आजच्याप्रमाणे ४२.१९५ किलोमीटर नव्हते, ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत ती शर्यत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे, तीही त्रेचाळीस किलोमीटरपर्यंत. संघातले दुसरे धावपटू दातार यांना ती शर्यत पुरी करता आली नाही. शेतातल्या आणि तालमीतल्या कमाईवर बोटीने सातासमुद्रापलीकडे जाऊन, परक्या थंडीत ही गती राखणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः दहा किलोमीटरला तास घालविला आहे त्यालाच नीट उमजते. हौशी धावण्याचा हा एक अनपेक्षित लाभ आहे. स्वतःची वेळ ठाऊक असली की दुसऱ्याच्या वेळेपुढे डोके लववता येते.

तपासणी विभागातल्या बाईंचा हिशेब वेगळ्या जातीचा. त्यांना वेळेची फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ती सातव्या किलोमीटरनंतर चालावे लागले याची. "मी धावले असं कशाला म्हणू? मी तर चालत आले," असे त्या सोमवारी मैत्रिणींना सांगत होत्या. पदक त्यांनी पर्समधून काढलेच नाही. या बाईंचा सराव कसा होतो, ते पाहिले पाहिजे. पहाटे पाचला गल्लीत अंधार असतो. भटकी कुत्री असतात. मालमोटारींचे चालक खिडकीतून काही बोलतात. एकटीने धावायचे नाही, म्हणून दुसरी कोणी मिळेल त्याच दिवशी धावायचे. सहाला घरी येऊन डबे, सव्वासातला बस. पुरुष धावणाऱ्याच्या हिशेबात हे रकानेच नसतात.

चालण्यात कमीपणा मानण्याचे मुळात कारण नाही. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने तर ठरावीक अंतर धावावे, मग थोडे चालावे, पुन्हा धावावे अशी पद्धतच नवशिक्यांना शिकविली, आणि तिने लाखो माणसे शर्यतीच्या शेवटापर्यंत पोहोचली. फरक एवढाच की, थकून नाइलाजाने चालण्याऐवजी थकण्यापूर्वी, ठरवून चालायचे. बायकांना लांब पल्ला झेपत नाही, या समजुतीवर तर ऑलिंपिकने १९८४ पर्यंत स्त्रियांची मॅरेथॉनच ठेवली नव्हती. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातली कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवून गेली, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचली आणि दहावी आली. माणदेशातल्या मुलींना चालणे कमीपणाचे वाटत नसावे. शाळेची आणि पाण्याची वाट त्यांना तसे वाटू देत नाही.

बाईंनी आणखी एक चूक केली होती, आणि ती फार जण करतात. उकाड्याच्या भीतीने त्यांनी प्रत्येक टेबलावर थांबून तहान असो वा नसो, पाणी पिऊन घेतले. पोट डचमळू लागले ते त्यामुळेच. पाणी कमी पडणे वाईट, तसेच नको तितके पिणेही वाईट. रक्तातले मिठाचे प्रमाण त्यामुळे उतरते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा शेकडा तेरा जणांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले. त्यात मुख्य वाटा होता तो धावताना वजन वाढेल इतके पाणी पिणाऱ्यांचा. लांब पल्ल्यावर हा प्रकार जिवावर बेततो. दहा किलोमीटरला मध्यम माणसाला तहानेपुरते पाणी पुरते.

राहिला फोरमन मामा. त्याच्या उत्तरात ना आकडा होता ना कारण. "झाली एकदाची," एवढेच तो म्हणाला, आणि कामाला लागला. टर्नरला यात काही खटकले नाही. पण बुधवारी स्वतःच्या आकड्यांसाठी त्याने फोनवर यादी उघडली, तेव्हा सहज मामाचेही नाव शोधले. यादीत पहिल्या पाच किलोमीटरची वेळ वेगळी दिलेली असते. मामाचे पहिले पाच किलोमीटर एकतीस मिनिटांत झाले होते आणि दुसरे पाच चव्वेचाळीस मिनिटांत. उधळलेल्या सुरुवातीने दोन-चार मिनिटे जातात, तेरा जात नाहीत. टर्नरने विचारले तेव्हा मामा आधी हसला, मग म्हणाला, "अरे, आठव्या किलोमीटरला छातीत जड झालं. गॅस असणार. थोडा चाललो, गेलं." दंड कसा होता, हे विचारल्यावर त्याने क्षणभर थांबून डाव्या खांद्याला हात लावला.

धावण्याने हृदय बंद पडते, अशी बातमी एखाद्या शर्यतीनंतर वर्तमानपत्रात येते आणि धावण्याला नाव ठेवणाऱ्यांना वर्षभराचे भांडवल मिळते. वस्तुस्थिती मोजलेली आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या एक कोटी नऊ लाख लोकांचा आढावा घेण्यात आला; त्यांत धावताना किंवा धावल्यावर लगेच हृदय बंद पडण्याच्या घटना एकोणसाठ घडल्या. म्हणजे एक लाख चौऱ्याऐंशी हजारांत एक. धोका लहान आहे, हे यावरून दिसते. पण त्या एकोणसाठांपैकी बेचाळीस जण दगावले, हेही त्याच आढाव्यात आहे. लाखांत एक हे प्रमाण छातीत काही न होणाऱ्या माणसाच्या मनाची शांती राखण्यासाठी आहे. ज्याच्या छातीत धावताना जड होते आणि थांबल्यावर हलके होते, त्याने त्या प्रमाणात स्वतःला लपविता कामा नये. श्रमाबरोबर येणारी आणि विश्रांतीबरोबर जाणारी अस्वस्थता ही हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची जुनी आणि ठळक खूण आहे. मामाला पाच वर्षांपासून मधुमेह होता. मधुमेह्याला कधी कधी दुखण्याची जाणीवही बोथट होते, आणि नुसते जड वाटणे हेच त्याचे दुखणे असते.

मामाने ते का लपविले, हा प्रश्न तसा अवघड नाही. बावन्न वर्षांचा मनुष्य चाळीस पोरांचा फोरमन आहे. धावतो, म्हणून पोरे त्याला मानतात. शर्यतीच्या छायाचित्रात तो मध्यभागी उभा असतो. घरी बायकोने दोनदा सांगितले होते की एकदा तपासून घ्या. तपासले आणि डॉक्टरांनी धावणे बंद केले तर, ही त्याची भीती होती. टर्नरने आकड्याला वाकविण्याचा प्रयत्न केला आणि मामाने आकडा झाकून ठेवला. चार दिवसांपूर्वी याच मामाने गेज बसला नाही म्हणून टर्नरला सुनावले होते, आणि ते टर्नर विसरला नव्हता. "मामा, तुमचा तर गेजच काढलेला नाही तुम्ही," असे तो म्हणाला. रागाने नव्हे, अजिजीनेच म्हणाला.

शनिवारी दोघे डॉक्टरांकडे गेले. विश्रांतीतला हृदयाचा आलेख बहुतेक ठीक होता. तसा तो अशा रुग्णांत पुष्कळदा असतो, आणि म्हणूनच तेवढ्यावर समाधान मानायचे नसते. चालत्या पट्ट्यावरच्या चाचणीत सातव्या मिनिटाला डॉक्टरांनी यंत्र थांबविले. पुढचा मार्ग अशा वेळी ठरलेला असतो. रक्तवाहिन्यांची तपासणी, औषधे, गरज असेल तर अडथळा काढणे, आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालण्यापासून पुन्हा सुरुवात. बरे होऊन पुन्हा शर्यती धावलेली माणसे आहेत, परंतु त्यांची घाई करून चालत नाही.

मामा सध्या चालतो. पहाटे पाचलाच येतो, कारण इतक्या वर्षांची जाग मोडत नाही. आतल्या गल्लीचा एक वळसा त्यांनी फितीने मोजून घेतला आहे. टूलरूममधल्या लोकांनी मोजल्यामुळे त्यात खोट निघण्याची शक्यता कमी. वळशाच्या तोंडाशी घड्याळ घेऊन मामा उभा राहतो आणि टर्नरची, इतर पोरांची वेळ घेतो. तपासणी विभागातल्या बाई आणि त्यांच्या दोघी मैत्रिणीही आता याच वळशावर येतात, कारण तेथे ओळखीचा मनुष्य उभा असतो. चार मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे, असे त्यांनी ठरविले आहे, आणि ते मिनिट मामाच ओरडून सांगतो. टर्नरच्या मनगटावर आता घड्याळ नसते. पहिल्या वळशानंतर तो जाता जाता विचारतो, "मामा, किती झाले?" पण शेवटचा वळसा पुरा होईपर्यंत आकडा सांगायचा नाही, असे दोघांत ठरलेले आहे, आणि मामा नुसता हात हलवून त्याला पुढे पिटाळतो.